साय-फाय बघायला बसताय? आधी थाप कुठली ते शोधा

ठाण्यात मानपाड्याच्या आमच्या सोसायटीत महिन्यातून एकदा गच्चीवर पांढरी चादर टांगून सिनेमा दाखवतात. गेल्या हिवाळ्यात मी हट्टाने अंतराळातला एक साय-फाय, म्हणजे विज्ञानकल्पनेवरचा, सिनेमा लावायला लावला. यान उडालं, सूर्यमालेच्या पार गेलं, दोन ग्रह बघून झाले, एक हिरवट प्राणी येऊन अस्खलित इंग्रजीत बोलूनही गेला. गच्चीवर कोणी हूं की चूं केलं नाही. मग यानातलं गुरुत्वाकर्षण बंद पडलं, माणसं तरंगायला लागली आणि टेबलावरच्या कपातली कॉफी मात्र कपातच शांत बसून राहिली. तळमजल्यावरच्या काकू खुर्चीतून उठल्याच. "अहो, माणसं उडाली, मग कॉफी का नाही उडाली?"

अर्धी गच्ची हसली. काकूंनी त्याआधी असला सिनेमा कधी पाहिलेला नव्हता. पण या प्रकारातला सगळ्यात जुना करार त्यांना कोणी न शिकवता कळला होता. सिनेमाने सुरुवातीला मारलेली एक मोठी थाप आपण मुकाट ऐकून घेतो. त्या थापेनंतर मात्र त्याने स्वतःच्या शब्दाला जागायचं असतं. कॉफीने करार मोडला होता.

"मला ते साय-फाय कळत नाही बुवा" म्हणणाऱ्यांसाठी हे लिहितोय. बारावीचं फिजिक्स काढायची गरज नाही. एक वही, एक पेन आणि पहिल्या बैठकीला अर्धा तास एवढं पुरे.

पहिली बैठक: ठाणे ते वाशी

नव्या माणसाला बहुतेक जण सगळ्यात मोठा, सगळ्यात महागडा सिनेमा बघायला सांगतात. माझा सल्ला उलटा आहे. ख्रिस मार्कर या फ्रेंच दिग्दर्शकाचा १९६२ सालचा 'ला जेते' मोबाइलवर घ्या, हेडफोन लावा आणि ठाण्याला ट्रान्स-हार्बरच्या गाडीत खिडकीत बसा. सिनेमा २८ मिनिटांचा आहे. वाशी येईपर्यंत संपतो.

यात यान नाही, परग्रह नाही, लेझरची बंदूक नाही. जवळजवळ सगळा सिनेमा स्थिर फोटोंचा आहे; एका ठिकाणी फक्त चित्र हलतं, ते कुठे ते तुमचं तुम्ही पकडा. तिसऱ्या महायुद्धात पॅरिस बेचिराख झालंय, वाचलेली माणसं जमिनीखालच्या बोगद्यांत राहतात आणि एका कैद्याला भूतकाळात पाठवलं जातं. काळातून प्रवास करायचं यंत्र म्हणजे काय, तर डोळ्यांवर एक पट्टी आणि दंडात इंजेक्शन. एवढ्यावर तुम्ही विश्वास ठेवता. वाशीला उतरताना तुमच्या लक्षात येईल की यंत्र कसं चालतं हा प्रश्न तुम्ही विचारलाच नाही. त्या माणसाचं पुढे काय होणार एवढीच चिंता होती.

म्हणून हा पहिला. पत्र्याच्या चकचकाटाने डोळे दिपायच्या आधी हे एकदा कळलेलं बरं.

थाप शोधा

आता वही उघडा. कुठलाही साय-फाय सुरू झाला की पहिल्या वीस मिनिटांत एक ओळ लिहायची: आपल्या जगात नाही अशी कोणती एक गोष्ट या जगात आहे? डार्को सुविन या अभ्यासकाने या गोष्टीला 'नोव्हम' हे नाव दिलं. आमच्या गच्चीवर आम्ही तिला थाप म्हणतो. अदृश्य होता येतं ही थाप. माणसासारखं बोलणारा यंत्रमानव ही थाप. चांगल्या सिनेमात ती एकाच वाक्यात सांगता येते. तीन ओळी लागल्या तर समजावं की दिग्दर्शकाचाच गोंधळ आहे.

थाप नुसती नवी असून भागत नाही. तिच्यामुळे रोजचं जगणं बदलायला हवं. आपल्याला याचं उदाहरण लांब शोधायला नको. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, ३४ किलोमीटर. त्या दिवशी रुळाकडेला उभ्या असलेल्या माणसाला बिनबैलाची गाडी हाच चमत्कार होता. पण त्यावर सिनेमा काढायचा तर धूर सोडणारं इंजिन पाच मिनिटांत संपतं. खरी गोष्ट नंतरची आहे: घड्याळ बघून घराबाहेर पडणारी माणसं, एकाच बाकावर मांडीला मांडी लावून बसायची वेळ आलेल्या जाती, आणि नोकरी एका गावात नि चूल दुसऱ्या गावात असं आयुष्य. साय-फाय सिनेमा इंजिन दाखवून थांबला की तो जत्रेतला खेळ होतो. चूल दाखवायला लागला की तो आपल्या कामाचा.

इथे एक घोळ नेहमी होतो. आपल्याकडे पडद्यावरचे चमत्कार नवे नाहीत. दादासाहेब फाळक्यांनी १९१७ मध्ये 'लंकादहन'मध्ये मारुतीला उडवलं होतं. मग तो साय-फाय का नाही? कारण पौराणिक पटात चमत्काराला हिशेब द्यावा लागत नाही. देवाने हात वर केला, झालं. साय-फायमध्ये मात्र चमत्काराला मर्यादा असते आणि ती प्रेक्षकाला आधी सांगावी लागते. 'मिस्टर इंडिया' (१९८७) आठवा. घड्याळासारखं यंत्र मनगटाला लावलं की माणूस दिसेनासा होतो, पण लाल प्रकाशात दिसतो. ही लाल काच नसती तर सिनेमाचा उत्तरार्ध उभाच राहिला नसता. 'कोई... मिल गया' (२००३) मधल्या निळ्या पाहुण्याला शक्ती येते ती उन्हातून. आभाळ आलं की तो मलूल. तेव्हाच्या लहान मुलांना ती 'धूप' (हिंदीत ऊन) अजून आठवते, त्याच्या यानाचा आकार कोणाला आठवत नाही. माणसाच्या लक्षात ताकद राहत नाही, तिची अट राहते.

म्हणून वहीत थापेच्या खाली दुसरी ओळ: अट कोणती?

नियमवही, आणि त्यातल्या त्यात काळाचा घोळ

नव्या प्रेक्षकाची सगळ्यात जास्त दमछाक होते ती काळप्रवासात. मध्यंतराला माणसं एकमेकांना "मग तो आधीचा तो की नंतरचा तो?" विचारत वडापावच्या रांगेत उभी असतात. खरं तर काळप्रवासाचे नियम तीनच घराण्यांचे आहेत आणि कुठलं घराणं ते ओळखलं की निम्मी डोकेदुखी जाते.

पहिलं घराणं: घडलं ते घडलं. तुम्ही मागे जाऊ शकता, पण तिथे जे कराल ते मुळात घडून गेलेलंच होतं. टाळायला गेलात म्हणूनच ते घडलं. आपल्याला हे जड जाऊ नये. भविष्यवाणी टाळायच्या धडपडीतूनच ती खरी होते अशा कथा ऐकतच आपण मोठे झालो. 'ला जेते' याच घराण्यातला.

दुसरं: भूतकाळ बदलतो. समजा तुम्ही १९८५ मध्ये जाऊन ठाणे स्टेशनवर तुमच्या बाबांना पाच मिनिटं बोलण्यात गुंतवलंत. त्यांची लोकल चुकली. त्याच डब्यात त्यांना तुमची आई भेटणार होती. आता तुम्ही कुठून आलात? आणि तुम्ही नाहीच, तर बाबांना अडवलं कोणी? हा आजोबांचा पेच म्हणून जुना कूटप्रश्न आहे. मूळ मांडणीत आजोबांचा खून असतो, मी ठाणेकर असल्यामुळे लोकल चुकवण्यावर भागवलं. या घराण्यातले सिनेमे पेच सोडवत नाहीत, त्याच्यावर धावपळ उभी करतात. तर्क कच्चा असतो पण करमणूक पक्की.

तिसरं: फाटा फुटतो. तुर्भ्यानंतर ट्रान्स-हार्बरच्या रुळांना फाटा आहे. एक गाडी सानपाड्यावरून वाशीला, दुसरी जुईनगरवरून नेरूळ-पनवेलला. तुम्ही भूतकाळात ढवळाढवळ केलीत की जग असंच दोन होतं: मूळ जग वाशीकडे जातच राहतं, तुम्ही आता पनवेलच्या गाडीत. यात पेच उरत नाही. पण धोका असा की प्रत्येक चूक दुसऱ्या फाट्यावर दुरुस्त होऊ शकते, म्हणून मरणाचंही काही वाटेनासं होतं. हल्लीचे सुपरहिरोवाले या खड्ड्यात वारंवार पडतात.

तर मध्यंतराआधी वहीत लिहा: कुठलं घराणं? आणि शेवटापर्यंत सिनेमा त्याच घराण्यात राहिला का? पहिल्या तासात "भूतकाळ बदलता येत नाही" म्हणून सांगितलं आणि शेवटी नायकाच्या अश्रूंखातर बदलला, तर ती काकूंची कॉफी समजा.

अटीच्या जोडीला किंमतही हवी. 'इंटरस्टेलर' (२०१४) मध्ये एका ग्रहावर घालवलेला एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. मुलांचे निरोप बघत बसलेला बाप हा त्या सिनेमातला माझ्या मते सगळ्यात भेदक प्रसंग, आणि त्यात एकही स्फोट नाही. गंमत म्हणजे काळ असा मंदावणं ही थाप नाहीच. प्रचंड गुरुत्वाकर्षणाजवळ घड्याळ हळू चालतं हे आइनस्टाइनच्या सिद्धांतात आहे; त्या सिनेमाचे सल्लागार किप थॉर्न यांना २०१७ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. तुमच्या मोबाइलच्या जीपीएसलाही हाच हिशेब धरावा लागतो. उपग्रहांवरची घड्याळं दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ही दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात दहा-एक किलोमीटरची चूक साचेल, म्हणजे मानपाड्याला बोलावलेली रिक्षा भिवंडीत जाऊन उभी.

कशाला माफ करायचं

काही गोष्टी मात्र वहीत लिहून वेळ घालवू नका. त्या रूढ झालेल्या सवलती आहेत. नाटकात घराची चौथी भिंत नसते म्हणून गडकरी रंगायतनमध्ये कोणी उठून तक्रार करत नाही, तसंच.

सर्वांत मोठी सवलत अंतराची. १९७७ मध्ये सुटलेलं नासाचं व्हॉयेजर-१ हे यान सेकंदाला साधारण १७ किलोमीटर वेगाने चाललंय. सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा ४.२४ प्रकाशवर्षांवर. या वेगाने तिथवर जायला ७५ हजार वर्षं लागतील. तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकाकडे अडीच तास असतात. म्हणून सिनेमावाल्यांनी तीन पळवाटा काढल्या: प्रकाशाहून वेगवान उडी, बर्फासारखी थंड झोप, किंवा अवकाशातला बोगदा. पळवाट माफ, पण कोणती निवडली याकडे लक्ष ठेवा, कारण गोष्ट तिच्यावर ठरते. उडी असेल तर व्यापार आणि युद्धं होणार, कारण जाणं-येणं स्वस्त आहे. झोप असेल तर जागं झाल्यावर मागे राहिलेलं कोणी जिवंत नसणार. बोगदा असेल तर तो कोणी खणला हा प्रश्न केव्हातरी येणारच.

दुसरी सवलत आवाजाची. निर्वात पोकळीत आवाज पोहोचत नाही, तरी यानं धडाधड फुटतात. माफ. ज्यांनी ही सवलत नाकारली, त्यांची शांतता अंगावर येते. '२००१: अ स्पेस ओडिसी' (१९६८) मध्ये यानाबाहेर पडलेल्या अंतराळवीराचा फक्त श्वास ऐकू येतो. तिसरी गुरुत्वाकर्षणाची. यानात सगळे चपला घालून चालतात, कारण तरंगती माणसं दाखवणं खर्चाचं काम. '२००१'साठी ३८ फुटी फिरतं चाक बांधलं होतं, त्यात नट चालायचा आणि चाक फिरायचं. प्रत्येकाला ते परवडत नाही.

पैशाची ही बाजू नव्या प्रेक्षकांना कोणी सांगत नाही. १९६६ च्या 'स्टार ट्रेक' मालिकेत माणसं झगमगत विरघळतात आणि ग्रहावर प्रकट होतात. ही भन्नाट कल्पना आली कशातून? दर आठवड्याला एवढं मोठं यान ग्रहावर उतरताना दाखवायचा खर्च झेपणारा नव्हता म्हणून. परग्रहवासीयांना दोन हात दोन पाय का? आत माणूस असतो.

आणि कधी कधी सवलत पडद्यावरून खाली उतरून खऱ्या जगात येते. जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ लांगने १९२९ च्या मूकपटात चंद्राकडे जाणारं रॉकेट सोडलं. आवाज नाही, मग क्षण जवळ येतोय हे प्रेक्षकाला कळणार कसं? एक, दोन, तीन मोजत गेलं तर थांबायचं कुठे ते समजत नाही. त्याने आकडे उलटे मोजले. आज श्रीहरिकोट्याहून प्रक्षेपण बघताना आपण सगळे ओठ हलवत उलटं मोजतो.

डोळ्यांनी वाचा, आणि एक संध्याकाळ बेलापूरकडे

संवाद सुरू व्हायच्या आधी भिंती बोलतात. पडद्यावरचं भविष्य स्वच्छ आहे की मळकं, हे पहिल्या पाच मिनिटांत बघा. '२००१' मधलं भविष्य दवाखान्यासारखं पांढरं. १९७७ मध्ये 'स्टार वॉर्स'ने पोचे आलेली, तेल गळणारी, चार हातांतून गेलेली यानं दाखवली आणि भविष्य पहिल्यांदा वापरलेलं वाटलं. १९७९ च्या 'एलियन'मधले कामगार तर राक्षस यायच्या आधी बोनसवरून कुरकुर करत असतात. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या टीटीसी औद्योगिक वसाहतीत पाळी केलेल्या कोणालाही ते यान परकं वाटणार नाही. पांढरं भविष्य बहुतेकदा विचारतं, माणसाचं यंत्र झालं का? मळकं भविष्य विचारतं, पगार कोण देतो?

मग वर-खाली बघा. १९२७ च्या 'मेट्रोपोलिस'मध्ये मालक वर उन्हात, कामगार जमिनीखाली. तिथून आजवर हा जिना सुटलेला नाही. 'रोबो' हा शब्दच मुळी कारेल चापेकच्या १९२० च्या चेक नाटकातून आला, 'रोबोता' म्हणजे वेठबिगारी. यंत्रमानवाच्या सिनेमात वेठबिगार कोण आणि सावकार कोण ते शोधलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

हे डोळे तयार करायला पडदा लागतोच असं नाही. एखाद्या संध्याकाळी ठाणे-बेलापूर रोडने जा. महापे-रबाळ्याला डेटा सेंटरच्या खिडक्या नसलेल्या इमारती दिसतील, आत माणसं कमी आणि यंत्रं थंड ठेवायचा घरघराट जास्त. पुढे वाशी स्टेशनवर थांबा; डोक्यावर काचेच्या ऑफिसांचे मजले, खाली रूळ, बाहेर मक्याचं कणीस भाजणारा. कॅमेरा कुठे लावाल? १९६५ मध्ये फ्रेंच दिग्दर्शक गोदारने 'आल्फाव्हिल'साठी एकही सेट बांधला नाही. रात्रीचं, त्याच वर्षाचं पॅरिस नीट कोनातून दाखवलं आणि ते दुसऱ्या आकाशगंगेतलं शहर झालं. रशियन दिग्दर्शक तारकोव्हस्कीने 'सोलारिस' (१९७२) मध्ये भविष्यातलं शहर म्हणून टोकियोचे उड्डाणपूल नि बोगदे दाखवले. हे कळल्यापासून मला पाम बीच रोडवरून रात्री जाताना सरळ बघता येत नाही.

नवी मुंबई हे तर आधी कागदावर आणि मग जमिनीवर उतरलेलं शहर. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. आजही टॉवरच्या मागे गल्लीत शिरलं की गावठाण लागतं, आगरी-कोळ्यांची घरं, मंदिर, वाळत घातलेली मासळी. म्हणून भविष्यातलं चकाचक शहर पडद्यावर आलं की मी वहीत एक प्रश्न लिहितो, तुम्हीही लिहा: इथे आधी कोणाचं गाव होतं? बहुतेक सिनेमांकडे उत्तर नसतं. ज्यांच्याकडे असतं ते सहसा चांगले निघतात.

जाता जाता, पनवेलच्या पुढे खालापूरजवळ हाळ नावाचं गाव आहे. स्पीलबर्गच्या 'क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड' (१९७७) मधला भारतातला प्रसंग तिथे चित्रित झाला. हजारो माणसं बसून पाच सुरांची धून गातात आणि हे सूर आले कुठून असं विचारल्यावर सगळी बोटं एकदम आभाळाकडे जातात. खोपोलीला वडे खायला जाताना आपण त्याच वाटेने जातो.

भीती कोणाची

सिनेमा भविष्यातला असला तरी भीती ज्या साली तो बनला त्या सालची असते. म्हणून बघायच्या आधी साल बघा, गोष्ट नंतर.

१ मार्च १९५४ ला अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. किरणोत्सर्गी राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली, २३ खलाशी त्यात सापडले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जपानमध्ये 'गोजिरा' लागला, म्हणजे आपण ज्याला गॉडझिला म्हणतो तो. पहिल्याच प्रसंगात समुद्रात लखलखाट होतो आणि एक बोट जळून बुडते. रबरी पोशाखातला राक्षस म्हणून आपण हसतो, तिथली माणसं हसली नसणार.

भविष्याची तारीख चुकली म्हणून सिनेमाला नावं ठेवू नका. 'ब्लेड रनर' (१९८२) नोव्हेंबर २०१९ मध्ये घडतो. तो नोव्हेंबर येऊन गेला, उडत्या गाड्या आल्या नाहीत. पण माणूस कोणाला म्हणायचं हा त्याचा प्रश्न आज मोबाइलशी गप्पा मारणाऱ्या पिढीला जास्तच लागू आहे. साय-फाय म्हणजे ज्योतिष नव्हे.

आपल्याकडची भीती वेगळी आहे, आणि हे माझं मत. हॉलिवूडचा परग्रहवासी पुष्कळदा जमीन बळकावायला येतो. आपल्याकडचा येतो तो पाहुणा म्हणून. २००३ मधला तो निळा पाहुणा असो की २०१४ मधला 'पीके', तो निरागस असतो आणि लबाड आपणच ठरतो. सत्यजित राय यांनी १९६७ मध्ये लिहिलेल्या, पुढे कधीच न बनलेल्या पटकथेत तर यान बंगालच्या खेड्यातल्या तळ्यात उतरतं आणि गावकरी त्याला वर आलेलं देऊळ समजून पूजा सुरू करतात. आपल्याकडच्या साय-फायमध्ये देव कुठे बसवलाय हे बघायला विसरू नका. गाणं, आईचं रडणं आणि देवाची घंटा यांना परके घटक समजून नाक मुरडू नका. ते आपल्या घराण्याचे संकेत आहेत. घंटा वाजली आणि यंत्र आपोआप दुरुस्त झालं, तर मात्र नाक मुरडा.

मराठीत गाडी अडते ती इथेच. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून आहे, तिच्या स्पर्धेतून जयंत नारळीकरांसारखा खगोलशास्त्रज्ञ कथालेखक म्हणून पुढे आला, विज्ञानकथा वाचणारे आपल्याकडे भरपूर. पडद्यावर मात्र 'फुंतरू' (२०१६) सारखी नावं बोटांवर मोजण्याइतकी. "बजेट नाही" हे कारण मला पटत नाही. २००४ चा काळप्रवासावरचा 'प्रायमर' सुमारे सात हजार डॉलरमध्ये बनला, बराचसा गॅरेजमध्ये नि भाड्याच्या गोदामात, आणि अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात पहिलं बक्षीस घेऊन आला. (तो पहिल्या बैठकीत बघू नका. मी चार वेळा बघितलाय, वहीत अजून बाण काढतोय.)

आता एक पान स्वतः लिहा

पाच-सहा सिनेमे वहीसकट बघून झाले की हे करून बघा. तुमच्या पिन कोडच्या बाहेर जायचं नाही. एक थाप, एक अट, एक किंमत आणि या सगळ्याचा त्रास होणारा एक माणूस. एक पान. यंत्र कसं चालतं याच्यावर दोनपेक्षा जास्त वाक्यं खर्च करायची नाहीत. भविष्यातल्या गोष्टींना चित्रविचित्र नावं ठेवू नका. लोक वापरत्या वस्तूला दोन अक्षरांतच हाक मारतात.

माझी ऐरोलीची भाची अकरावीत आहे. तिने लिहिलं: त्यांच्या सोसायटीची लिफ्ट रात्री दहानंतर आठव्या मजल्यावर नेली की दार उघडतं तेव्हा दुसऱ्या दिवशीचे सकाळचे आठ वाजलेले असतात. अट, रात्रीतून एकदाच. किंमत, मधले दहा तास आयुष्यातून गेले, परत मिळत नाहीत. परीक्षेच्या निकालाच्या आदल्या रात्री मुलं रांग लावतात. एकच माणूस ती लिफ्ट कधी वापरू शकत नाही, रात्रपाळीचा वॉचमन, कारण त्याला दर तासाला रजिस्टरवर सही करायची असते. गोष्ट त्याची.

मला ती इतकी आवडली की मी तिला पुढच्या सिनेमाच्या दिवशी गच्चीवर वाचायला लावली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनी हात वर केला.

"गॅसवर दूध ठेवून कोणी लिफ्टमध्ये शिरलं तर?"

भाची पायऱ्यांवरच बसली. तिने लिहिलेलं पान उलटलं आणि कोऱ्या बाजूला पहिलं वाक्य दुधाचं लिहायला घेतलं. चादरीवर सिनेमा सुरू झाला तरी तिने मान वर केली नाही.